सल्ला सदर: लेकीच्या जिवावर चिठ्ठी टाकायची का?

ताई, नमस्कार.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आठवा महिना सरत आलाय. नाव सरकारी रुग्णालयात नोंदवलंय, हिमोग्लोबिन साडेनऊ आहे. मागच्या तपासणीला एक मुलगी फॉर्म घेऊन आली. म्हणाली, बाळंतपणानंतर फार रक्त जाऊ नये यासाठी संशोधन चालू आहे. दोनपैकी एक इंजेक्शन मिळेल, कोणतं ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. दोन्ही इंजेक्शनं वापरातलीच आहेत म्हणे. लेक म्हणते, “आई, मी फॉर्म वाचलाय, सही करणार.” इकडे माझी झोप उडाली आहे. माझी थोरली बहीण बाळंत झाल्यावर रक्त थांबलं नाही म्हणूनच गेली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, “सरकारी दवाखान्यात गरिबांवर प्रयोग करतात, खासगीत न्या.” डॉक्टरांना माहीत असताना लेकीच्या जिवावर चिठ्ठी का टाकायची? तिला कसं अडवू?

– एक आई, नागपूर जिल्हा

ताई,

अडवू नका. लेक सज्ञान आहे. सही करायची की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा एकटीचा आहे. त्या कागदाला तुमची, जावईबापूंची किंवा विहीणबाईंची परवानगी लागत नाही. पण एवढं सांगून मी थांबले तर तुमची झोप काही परत यायची नाही. तुम्ही विचारलंय, डॉक्टरांना माहीत असताना चिठ्ठी का टाकायची? ताई, त्यांना माहीत नसतं, म्हणूनच टाकतात. जिथे एक औषध दुसऱ्याहून सरस आहे हे पक्कं ठाऊक आहे, तिथे चिठ्ठी टाकायला नैतिकता समिती, म्हणजे संशोधन रुग्णांसाठी योग्य आहे का ते तपासणारी समिती, परवानगीच देत नाही.

बायका बाळंत होताहेत ते काय आजपासून, मग अजून कसं माहीत नाही, असं तुम्ही म्हणाल. मी प्रसूतिगृहात उमेदवारी केली तेव्हा मलाही वाटायचं की वरिष्ठांना सगळं ठाऊक असतं. ते बोलायचेही तसंच. पुढे त्यातल्या कितीतरी खात्रीच्या गोष्टी चाचणीत टिकल्या नाहीत. त्याकडे वळण्याआधी मूळ दुखणं थोडं समजून घेऊ, कारण त्यातच तुमच्या बहिणीची गोष्ट आहे.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, मागून वार सुटते, आणि जिथे वार चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद कोण करतं? गर्भपिशवीचा स्नायू. तो आवळला की त्या वाहिन्या त्याच्या धाग्यांमध्ये चिमटतात आणि रक्त थांबतं. तो सैल राहिला की धारा लागतात, आणि धडधाकट बाईसुद्धा दोन-तीन तासांत हातची जाते. तुमच्या बहिणीचं नेमकं काय झालं हे इतक्या वर्षांनी मला सांगता येणार नाही. वारेचा तुकडा आत राहिला असेल, आतून फाटलं असेल. पण बहुतेक वेळा कारण असतं ते पिशवी सैल पडण्याचं, आणि त्या काळी घरी बाळंत होणाऱ्या बाईजवळ ती आवळणारं औषध नसायचं.

आज ते आहे. बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, सगळ्याच बायकांना. तुमच्या लेकीलाही पिशवी आवळणारं औषध मिळणारच, चिठ्ठीत काही निघो. पण ऑक्सिटोसिन उन्हाळ्यात खराब होतं, त्याला २ ते ८ अंशांचा थंडावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या उपकेंद्रात तो कुठून आणायचा? म्हणून उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हे औषध पुढे आलं. ते तितकंच चांगलं आहे का, हे पाहायला भारतासह १० देशांत २९ हजारांहून जास्त बायकांमध्ये चिठ्ठी टाकली गेली. २०१८ साली निकाल लागला: पाचशे मिलिलीटर किंवा जास्त रक्त जाणं, नाहीतर जादा औषधाची गरज पडणं, याचं प्रमाण दोन्ही गटांत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फ्रिज नसलेल्या ठिकाणीही चालेल असा पर्याय मिळाला. ही तुलना झाली नसती तर आपण अंदाजावर औषध निवडत बसलो असतो.

याच विषयावरचं एक काम आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यात झालंय. २००२ ते २००५ या काळात तिथल्या खेड्यांत एएनएम सिस्टर घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपणं करायच्या. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन त्यांच्या हाती नव्हतं. मिसोप्रोस्टॉल नावाची स्वस्त, फ्रिज न लागणारी गोळी पोटात दिली तर फायदा होतो का, हा प्रश्न होता. १६२० बायका सहभागी झाल्या. निम्म्यांना गोळी मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला कोणती, हे सिस्टरलाही माहीत नव्हतं. बिनऔषधाच्या गटात १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, आणि त्यामागच्या पुराव्यात बेळगावच्या त्या बायकांचा वाटा मोठा आहे.

त्या चाचणीवर टीकाही झाली, आणि ती मला अगदीच गैर वाटत नाही. निम्म्या बायकांना बिनऔषधाची गोळी का दिली? संशोधकांचं उत्तर होतं की तिथे एरवी कोणतंच औषध मिळत नव्हतं, तेव्हा कुणाचं काही काढून घेतलं नाही. उत्तर बरोबर आहे, तरी ऐकताना घशात अडकतं. तुमच्या लेकीच्या बाबतीत तो प्रश्न नाही. दोन्ही बाजूंना खरं औषध आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

बेळगावच्या त्याच कामातून आणखी एक गोष्ट निघाली. बाई बाळंत झाल्यावर किती रक्त गेलं, हे आम्ही सगळे नजरेने ठरवायचो. चादर बघायची, ट्रे बघायचा आणि ‘तीनशे असेल’ म्हणून केसपेपरवर लिहायचं. तिथे बाईच्या खाली पसरायचं प्लास्टिकचं कापड तयार केलं, त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. मग नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप यांची तुलना केली. नजरेचा अंदाज एकतृतीयांशाने कमी निघाला. विचार करा, सहाशे गेलेलं असताना डॉक्टर चारशे समजून हात धूत असतो.

तसल्याच मापाच्या कापडाने अलीकडे मोठी कमाल केली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांमध्ये एक चाचणी झाली. यात चिठ्ठी बाईच्या नावाने नाही, रुग्णालयाच्या नावाने टाकली. निम्म्या ठिकाणी नेहमीची पद्धत ठेवली. उरलेल्या ठिकाणी रेघांचं कापड दिलं आणि माप ओलांडताच पाच गोष्टी एकापाठोपाठ न करता एकदम करायच्या असं शिकवलं: पिशवी चोळणं, ती आवळणारं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि आतून तपासणी. दोन लाखांहून जास्त बाळंतपणांनंतर २०२३ मध्ये निकाल आला. एक लिटर किंवा जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू होणं, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. नवं औषध एकही नाही! नेहमीच्या रुग्णालयांत जास्त रक्तस्रावाच्या जेमतेम निम्म्या बायका वेळेत ओळखल्या जात होत्या, कापड असलेल्या ठिकाणी ९३ टक्के ओळखल्या गेल्या. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी सूचनाच काढली, की पाचशेची वाट पाहू नका. तीनशे मिलिलीटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की कामाला लागा.

म्हणून लेकीने सही करो वा न करो, पुढच्या तपासणीला एवढं विचाराच: “सिस्टर, बाळंतपणानंतर रक्त मोजता की अंदाज घेता?” कुणी चिडलं तर चिडू द्या.

वर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं नाव आलं. हे औषध १९६२ साली जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं. महायुद्धानंतरचे हलाखीचे दिवस, हाताशी साधनं नाहीत, आणि उताकोबाई तान्ही मुलगी पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबावा हीच त्यांची इच्छा होती, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी त्याची चाचणी करून पाहायला नकार दिला. औषध मग दात काढताना, शस्त्रक्रियेत, पाळीत फार जाणाऱ्या बायकांना वापरलं जाऊ लागलं. बाळंतिणींमध्ये मोठी चाचणी सुरू व्हायला २०१० साल उजाडलं. २१ देश, १९३ रुग्णालयं, २०,०६० बायका. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईला पहिल्या तीन तासांत हे औषध दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात, असं २०१७ मध्ये सिद्ध झालं. उताकोबाई आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. मधली पन्नासहून जास्त वर्षं औषध दुकानात होतं आणि बाळंतिणी मरत होत्या, कारण कुणी चिठ्ठी टाकून पाहिलंच नव्हतं. मला प्रयोगाइतकाच राग या न केलेल्या प्रयोगाचा येतो.

आता याच्या उलट बाजू, आणि ती तुमच्या लेकीला थेट लागू आहे. औषध इतकं गुणकारी, मग रक्त जायची वाट कशाला बघायची? रक्त कमी असलेल्या सगळ्याच बायकांना बाळ बाहेर येताक्षणी का देऊ नये? मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून ‘द्या’ म्हटलं असतं. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या १५ हजारांवर बायकांमध्ये हे पाहिलं गेलं. सगळ्यांचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली, तुमच्या लेकीसारखंच. २०२३ चा निकाल: औषध दिलेल्यांपैकी ७ टक्क्यांना जास्त रक्तस्राव झाला, न दिलेल्यांपैकी ६.६ टक्क्यांना. फरक शून्य. रक्त जायला लागल्यावर जीव वाचवणारं औषध अशा बायकांना आधीच टोचून ठेवलं तर उपयोग नाही, हे कुणा वरिष्ठाच्या अनुभवातून कधीच कळलं नसतं.

असंच झटक्यांचंही झालं. रक्तदाब वाढून गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांना कोणते डॉक्टर डायझेपाम द्यायचे, कोणते फेनिटॉइन, कोणते मॅग्नेशियम सल्फेट, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटायचं. १९९५ च्या चाचणीत मॅग्नेशियम दोघांपेक्षाही सरस ठरलं. आज प्रत्येक प्रसूतिगृहात ते असतं.

डॉक्टरांनाही कळणार नाही, हे ऐकून तुम्ही दचकलात. ते मुद्दाम असतं. कोणतं औषध दिलंय हे कळलं की नव्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मन झुकतं आणि नोंदी तशा होतात. पण बाईची तब्येत बिघडली तर काय टोचलं होतं ते उघडून बघण्याची सोय ठेवलेली असते, आणि रक्त वाहायला लागलं तर जे जे करायचं ते सगळं केलंच जातं, चिठ्ठीत काहीही आलेलं असो. शिवाय बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे तपासत असते. एका गटाचं नुकसान दिसलं तर ती काम थांबवू शकते.

विहीणबाईंच्या बोलण्याला मी हसणार नाही. आपल्या देशात गरिबांना नीट न सांगता संशोधनात ओढलं गेलंय, हे खरं आहे. २०१२ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने सरकारला खडसावलं, आणि त्यानंतर नियम कडक होत गेले. २०१९ ची नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमावली आज लागू आहे. विहीणबाईंच्या पिढीला जे ठाऊक आहे ते चूक नाही, मधल्या काळात कायदा बदलला एवढंच. कायदा बदलला म्हणून माणसं बदलली असंही नाही, तेव्हा विचारायचं ते विचारून घ्या.

काय विचारायचं? लेकीबरोबर जा आणि त्या मुलीला निवांत बसवून घ्या. पहिलं म्हणजे, या संशोधनात नसतो तर माझ्या मुलीला काय मिळालं असतं, आणि आता त्यात काय वेगळं होणार आहे. दोन्ही इंजेक्शनं बाळंतिणीसाठी आधीपासून वापरात आहेत ना, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या. जादा रक्त काढणार का, किती वेळा, बाळाचं काही तपासणार का, अंगावर पाजायला अडचण आहे का. इजा झाली तर उपचार कोण करणार आणि भरपाई कोण देणार. नियमाप्रमाणे संशोधनामुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत व्हायला हवा आणि भरपाई मिळायला हवी. ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बोट ठेवून दाखवायला सांगा. सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. २००९ पासून आपल्याकडे प्रत्येक क्लिनिकल चाचणीची त्या सरकारी यादीत आधी नोंद करावी लागते आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर बघता येते, लेक मोबाइलवर शोधेल. क्रमांक सांगता आला नाही, तर सही करू नका. नैतिकता समितीचा फोन नंबर कागदावर असतो, तो खरंच लागतो का ते एकदा लावून बघा. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घ्या, तो हक्क आहे.

एक गोष्ट त्या मुलीने चांगली केली. तिने आठव्या महिन्यात विचारलं. कळा सुरू झालेल्या बाईपुढे फॉर्म धरणं मला कधीच पटलेलं नाही, ती तेव्हा कशावरही सही करेल. आणि आज सही केली म्हणून लेक बांधली जात नाही. कळा चालू असताना तिने ‘नको’ म्हटलं तरी ते ‘नको’ असतं, कारण सांगावं लागत नाही, आणि त्यामुळे उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. पडतोय असं दिसलं तर समितीचा तोच नंबर फिरवा.

खासगीत न्यायचं का? केवळ संशोधनाला घाबरून नेऊ नका. ज्या प्रसूतिगृहात काही अभ्यास चालू असतो तिथे मोजमाप आणि नोंदी जास्त होतात, बाईवर नजर जास्त राहते, असा माझा अनुभव आहे. सरकारी रुग्णालयात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि गाडी सगळं मोफत आहे. बघायचं ते हे, की रात्री दोन वाजता तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं का. हे कुठल्याही मोठ्या काचेच्या इमारतीतही आधी विचारा.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती साडेनऊच्या आकड्याची. चिठ्ठीपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे. रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. दुसरीचं सातशे मिलिलीटर गेलं तरी ती उठून बसेल, हिला पाचशेत चक्कर येईल. आठवा महिना सरत आलाय, गोळ्यांना वेळ कमी उरलाय. शिरेतून लोह देता येईल का, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नकोत, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नकोत, लिंबूपाण्याबरोबर घेऊ द्या. रक्तगट केसपेपरवर लिहिलाय का बघा, आणि रक्त द्यायला तयार असलेली दोन-तीन माणसं नात्यात आताच हेरून ठेवा.

आणि रक्तदाब. बाळंतपणानंतरही तो मोजून घ्यायचा असतो. तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास चढतो, म्हणजे नेमकी बाई घरी आल्यावर. तुमच्या नागपुरातल्याच दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गरोदर बायकांवर तीन साध्या गोळ्यांची तुलना झाली होती, निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा. २०१९ मध्ये निकाल आला. तिन्ही कामाच्या निघाल्या, निफेडिपिन थोडी पुढे. खूप चढलेला दाब इंजेक्शनाशिवाय, तोंडाने घ्यायच्या गोळीनेही उतरवता येतो हे नागपूरच्या बायकांनी जगाला दाखवलं. विहीणबाईंना हेही सांगा.

राहिलं घरी आल्यानंतरचं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५-९६ मध्ये ७७२ बाळंतिणींची घरोघर नोंद ठेवली. बाळंत होताना त्रास झालेल्या सुमारे १८ टक्के होत्या, बाळंतपणानंतरच्या दिवसांत त्रास झालेल्या ४३ टक्के. स्तनांचे त्रास, उशिरा सुरू झालेला रक्तस्राव, आतला जंतुसंसर्ग. आपण सगळा जीव त्या एका रात्रीला लावतो आणि सुटी झाली की पेढे वाटतो. पण जास्त रक्त जाणं पुढचे सहा आठवडे केव्हाही सुरू होऊ शकतं.

जंतुसंसर्गावरही आपल्या भागाचं नाव आलंय. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस तोंडाने दिला तर काय होतं, हे सात देशांत २९ हजारांहून जास्त बायकांमध्ये पाहिलं. त्यातली दोन केंद्रं नागपूर आणि बेळगाव. आईला गंभीर जंतुसंसर्ग होणं किंवा तिचा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. सगळ्याच बाळंतिणींना प्रतिजैविक द्यावं का, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे, कारण जंतू औषधाला निगरगट्ट होतात. मी देण्याच्या बाजूची आहे, पण माझं मत म्हणजे पुरावा नव्हे.

घरी आल्यावर तासाभरात पॅड भिजून चिंब होत असेल, लिंबाएवढी गाठ पडली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास असेल, थंडी वाजून ताप आला, डोकं फाटतंय असं दुखून दिसायला अंधूक झालं, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर ‘बाळंतिणीला होतंच असं’ म्हणून बसू नका. १०८ ला फोन करा आणि आधी सांगा की बाळंतीण आहे. पंधरा दिवसांनंतरही तिला बाळ नकोसं वाटत असेल, सारखं रडू येत असेल, तर तेही दुखणंच आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या मोफत सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतील. त्या बाळाला बघायला आल्या तरी आईचं सगळं त्यांच्या कानावर घाला.

डिंकाचे लाडू करा, अळिवाची खीर करा, मालिश करा. शेगडी खोलीत धुमसत ठेवू नका, त्या धुराने आई आणि बाळ दोघंही गुदमरतात. सव्वा महिना खाटेवर बसवून ठेवण्याचा आग्रह नको, पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती याच बाळंतपणापासून बंद करा. तिला अंगावर पाजायचंय, तहान लागेल तेवढं पाणी पिऊ द्या.

पुढच्या तपासणीची तारीख तुम्ही लिहिली नाही. ती दहा दिवसांहून लांब असेल, तर लोहाचं विचारायला तेवढं थांबू नका. उद्याच्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि फॉर्मची कोरी प्रतही तेव्हाच मागून घ्या.